उधवा शेवटी

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून दिवाळी सीझन. आजपासून रोजनिशी. डायरी २०१९ ची आहे, वार जुळत नाहीत, पण कागद एक नंबर. चारोटी गोडाऊनचा इन्चार्ज म्हणून डोक्यात जे चालतं ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं. पुढच्या इन्चार्जला उपयोगी पडेल. नको. कुणाला दाखवायची नाही. आयडिया चोरतात.

संकल्प एकच. तलासरी लाईनचा टेम्पो रोज पूर्ण रिकामा होऊनच परत येणार. गेल्या वर्षी धनत्रयोदशीला एका दिवसात २८६ पार्सलं काढली होती. वापीहून मालक जतीनभाईंचा स्वतः फोन. सासरे वारले तो दिवस, तरी गाडीचं काम थांबू दिलं नाही. अशी माणसं कमी असतात.

रुचिताचा मेसेज नाही. बायको वेगळी राहायला गेली त्याला दीड महिनाच तर झालाय.

७ ऑक्टोबर. दुपारी, डबा खाऊन

ड्रायव्हर चिमणला माझी पद्धत पुन्हा शिकवली. जे शेवटी उतरणार ते आधी चढवायचं, पार केबिनच्या भिंतीला. जे पहिलं उतरणार ते दाराशी. आणि जवळचं गाव आधी. म्हणजे तलासरी, मग झरी, मग उधवा. सरळ रेघ. गेल्या दिवाळीत मी हीच पद्धत शोधली. वर्षभरात चिमण पुन्हा आपल्या वळणावर गेला. पहाटे निघून आधी थेट उधव्याला, येताना झरी, तलासरी. म्हणे, सायेब, तलासरीचा बाजार भरला की गाडी हालत नाय, लांबचं सकाळीच उरकलेलं बरं. त्याला म्हटलं, तू स्टिअरिंग सांभाळ, विचार करायला मी आहे.

उधवा शेवटी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. ते चिमणला सांगायची गरज नाही. रुचिताची शाळा उधव्याला. पाच वाजता सुटते. ऑगस्टपासून तिने तिथेच खोली घेतली, आपल्या आईला पण घेऊन गेली. डहाणूहून एसटीने रोजचं येणं-जाणं, माणूस दमतो. मीच सुचवणार होतो. गाडी पाचनंतर उधव्याला पोचली तर मी सोबत जाऊ शकतो. मुद्दाम गेलो असं होत नाही, कामानिमित्त होतं. काम करणारा नवरा समोर दिसला की बायकोचं मत बदलतं.

९ ऑक्टोबर. सकाळी १०.३०

कमाल झाली. आजच्या मालात रुचिताचं पार्सल! पत्ता उधवा. आडनाव माहेरचं टाकलंय, ॲपवर जुनं प्रोफाइल असणार. चपटं, दोन बाय तीन, सगळीकडे ‘काच, सांभाळून’. पाठवणारा कुठलातरी डिजिटल आर्टवाला.

अर्धा तास विचार केला. आरसा आहे. आपल्या बेसिनवरचा आरसा वर्षभर तडकलेला आहे, ती सारखी म्हणायची. म्हणजे घरासाठी घेतलाय. मग पत्ता उधव्याचा का? सरप्राइज. दिवाळीला घेऊन येणार.

पार्सल स्वतः उचलून सगळ्यात आत, केबिनच्या भिंतीला, दोन गाद्यांच्या मध्ये उभं केलं. गाडीतली सगळ्यात सुरक्षित जागा. चिमणला सांगितलं, याला हात लावायचा नाही, हे मी स्वतः देणार.

११ ऑक्टोबर. संध्याकाळी ६

परवा आणि काल गाडी झरीपर्यंतच पोचली. आज तलासरीतच अडकली. नाक्यावर कंदीलवाल्यांनी अर्धा रस्ता खाल्लाय, त्यात एका दुकानाचे चार फ्रिज. उधवा राहिलं. ट्रॅफिकला मी काय करणार?

पार्सल दिलं नाही तर ॲपमध्ये कारण टाकावं लागतं. ‘रस्त्यात गर्दी’ असा पर्यायच नाही. ‘ग्राहक घरी नव्हते’ टाकलं. तिन्ही दिवस. नुसता कागदोपत्री भाग आहे.

१३ ऑक्टोबर

सुधारणा केली. रंगीत स्टिकर. तलासरी लाल, झरी पिवळा, उधवा हिरवा. स्टिकर लावायला सकाळचे दोन तास गेले. गाडी साडेअकराला निघाली. पण काय दिसत होती!

उधवा राहिलं.

१५ ऑक्टोबर. दुपारी २

चिमण आज वेगळंच बोलला. सायेब, बाईंची ती काचेची पेटी रोज फिरून परत येते. माझं घर झरीला. उद्या सकाळी मोटारसायकलवर उधव्याला जातो नि बाईंच्या हाती ठेवून येतो, वीस मिनिटांचं काम. मला चहा पण नको.

चांगला माणूस आहे पण त्याला भावना कळत नाहीत. ते पार्सल मी द्यायचं आहे. टेम्पोतून, युनिफॉर्ममध्ये, नवा शर्ट नाही. ती दार उघडेल, मी म्हणणार, मॅडम, आपलं पार्सल. ती हसेल. पुढचं आपोआप होईल. आई चहा टाकतील. मग मी सहज म्हणणार, बॅग भर, गाडी रिकामीच परत चाललीय.

चिमणला म्हटलं, नियमात बसत नाही. तो गाडी पुसत राहिला.

१६ ऑक्टोबर. सकाळी ११.४५

रुचिताचा फोन आला!!

सात आठवड्यांनी. आवाज तसाच. आधी विचारलं, जेवतोस का नीट. म्हटलं, एकदम. (खिचडी, पण एकदम.) मग म्हणाली, माझं एक पार्सल तुमच्या गोडाऊनला पडून आहे, रोज मेसेज येतो की तुम्ही घरी नव्हता, मी आणि आई दिवसभर घरीच असतो, शाळेला सुट्टी लागलीय. म्हटलं, सिस्टीमची चूक. म्हणाली, मला ते शनिवारच्या आत हवंय, काही कर, पण आत. म्हटलं, आपल्या घरचं आहे, होईल गं, आधी बाहेरच्यांचं काढतो, घरची माणसं समजून घेतात.

मग म्हणाली, शनिवारी काय आहे ते तुला मी सांगायला हवं का?

म्हटलं, मला काय माहीत नाही होय? धनत्रयोदशी!

फोन कटला. उधव्याला रेंजचा प्रॉब्लेम आहे.

एकंदर उत्तम झालं बोलणं. सणाची खरेदी म्हटलं की बायकांना घाई असतेच. पण जेवतोस का नीट हे विचारलंच ना.

१७ ऑक्टोबर

आज जाणारच होतो. दाढी केली. पण सकाळी जतीनभाईंचा वापीहून फोन, सुदर्शनभाई, आजे फुल लोड छे, तमे गोडाऊन छोडता नहीं. मालकच गोडाऊन सोडू नका म्हणाला तर माणसाने काय करावं? चिमण एकटा गेला. निघताना पुन्हा विचारलं, ती पेटी आज देऊ का? म्हटलं, उद्या मी येतोय. धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर आरसा. लक्ष्मी घरात आल्यासारखं.

उधवा राहिलं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी. संध्याकाळी ७

३१२ पार्सलं चढवली. रेकॉर्ड. मी स्वतः गाडीत. तलासरी नाक्यावर दीड तास हाललो नाही. एका मिक्सरवाल्याने पत्ताच चुकीचा दिलेला. झरीला पोचलो तेव्हा साडेपाच झाले, आणि मागचा माल असा कोसळला होता की केबिनच्या भिंतीपर्यंत हात पोचेना. चिमण म्हणाला, आता सगळा माल रस्त्यावर उतरवायचा तर उद्या उजाडेल. परत आलो.

रुचिताला मेसेज टाकला, उद्या नक्की, शुभ दीपावली. दोन निळ्या टिक्स आल्या. म्हणजे वाचलाय.

१९ ऑक्टोबर, रविवार. दुपारी १२

उधव्याहून परत आलो. जे झालं ते लिहितो.

सकाळी पार्सल बाहेर काढून मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसलो. रस्ता मोकळा होता. तासाभरात पोचलो. एवढाच रस्ता होता.

दार वेणूआईंनी उघडलं. सासूबाई बारीक झाल्यात. मॅडम म्हणायचं राहिलंच. आत या म्हणाल्या, मी बूट काढले, त्यांनी पाणी दिलं. रुचिता आतून आली. पार्सल हातात दिलं आणि म्हटलं, दहा दिवस गाडीत होतं, पण बघ, माझं लोडिंग, काचेला ओरखडा नाही.

तिने उभ्यानेच सुरीने दोरी कापली. कागद काढला.

आरसा नव्हता. तिच्या बाबांचा फोटो होता. शांताराममामा, बोटीवर, जाळं खांद्यावर, डोळे उन्हाने बारीक केलेले. तिने मोबाईलवर काढलेला एकच बरा फोटो होता, तो मोठा करून घेतला होता.

आई फोटोकडे बघून म्हणाल्या, आला गो तुझा बापूस, एक दिवस उशिरा आला.

काल वर्षश्राद्ध होतं. वर्ष झालं. रेकॉर्डचा दिवस माझ्या लक्षात होता, हा नव्हता.

कोपऱ्यात पाट तसाच होता, कालच्या फुलांसकट. तांब्याला टेकवून मच्छीमाराच्या ओळखपत्राचं कार्ड ठेवलं होतं. त्याच्यावरचा बोटाएवढा फोटो. काल दुपारी त्याच्यापुढे पान मांडून दोघी बसल्या. आई सांगत होत्या, बारा वाजेपर्यंत वाट बघितली, म्हटलं जावई आणतोय. मग कार्ड ठेवलं. त्यात त्यांचा चेहराच नीट दिसत नव्हता.

मी ट्रॅफिकचं सांगायला सुरुवात केली. रुचिता म्हणाली, नको. चिडून नाही, हळू. म्हणाली, गेल्या वर्षी पण ट्रॅफिकच होता. बाबांनी हॉस्पिटलमध्ये तीनदा तुझं नाव घेतलं, मी तीनदा फोन केला, तू म्हणालास गाडी रिकामी झाली की येतो. ते गेल्याचा फोन केला तेव्हा पण तेच म्हणालास. आम्ही स्मशानातून घरी आल्यावर तू आलास, आणि दारातच सांगितलंस, दोनशे शहाऐंशी.

हे खरं आहे. मी तसं म्हटलं होतं.

मग ती म्हणाली, मी रागाने नाही आले इथे. तुझ्या घरात माझा नंबर कधी लागतो याची वाट बघून कंटाळले. आणि ओटीपी सांगितला. चार आकडे. मी ॲपमध्ये टाकले. आईंनी चहा टाकला होता, तो पिऊन जा म्हणाल्या. मी तो संपवला. गाडीशी आलो तर चिमण दुसरीकडे बघत होता.

माफ कर, हे तीन तासांपूर्वी म्हणायचं होतं. सुचलं ते महालक्ष्मीच्या वळणाशी. तेव्हा गाडी परतीला लागली होती.

२० ऑक्टोबर. दुपारी २.४०

आज मी लोडिंगला उभा राहिलो नाही. चिमणला म्हटलं, तुझ्या मनाने भर. त्याने स्टिकर लावले नाहीत. पहाटेच निघाला, आधी उधवा, मग झरी, आणि बाजार भरायच्या आत तलासरी.

२९४ पार्सलं होती. दोन वाजता गाडी रिकामी होऊन गोडाऊनला उभी. चिमणने चावी टेबलावर ठेवली, हात धुतले, म्हणाला, येतो सायेब, घरी पोरं वाट बघतात.

दोन वाजता.

म्हणजे गेल्या वर्षीही झाली असती. मामा संध्याकाळी सव्वापाचला गेले. चारोटीहून डहाणूचं हॉस्पिटल पाऊण तास. मी तीन वाजता त्यांच्या उशाशी असतो.

गोडाऊनमध्ये आता एकही पार्सल नाही. फरशी झाडून घेतली. अजून तीन वाजायचे आहेत आणि मला आज कुठेही जायचं नाही.