षड्रस आमटी पूड

४ नोव्हेंबर १९५७, सोमवार
लालबागच्या मसाल्याच्या कारखान्यात नव्या पदार्थांचा मॅनेजर म्हणून रुजू झालो. वय एकसष्ट. रमाकांतशेठ म्हणाले, "तात्या, तुमच्याएवढे वाचन या धंद्यात कुणाचे नाही." हे खरेच आहे.
दळणाचे यंत्र येत आहे. कांडपातील आठ बायका त्यामुळे रिकाम्या होतील. नवा पदार्थ चालला तर त्यांना पॅकिंगला ठेवीन, असे शेठ म्हणाले. मी बायकांना तेथल्या तेथे शब्द दिला.
संकल्प : गिरणीकामगारांसाठी तयार आमटीची पूड. पाण्यात उकळली की झाले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
शास्त्रात रस सहा. म्हणून पुडीत सहाही, आणि समप्रमाणात. कडू रसासाठी मेथी, तुरटासाठी हिरडा.
कांडपातील सुभद्राबाई म्हणाली, "आमटीत हिरडा? कुणाचं प्वाट बिघडलंय, बाबा?" बाकीच्या हसल्या. अज्ञानावर रागावू नये.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
पहिली बॅच. पातेले दत्तगुरूंच्या तसबिरीपुढे ठेवले. नैवेद्य आधी चाखायचा नसतो, तेव्हा चाखला नाही. नंतरही घेतला नाही. घराबाहेर शिजलेले मला वर्ज्य आहे.
मत घेण्यासाठी सर्वांना प्रसाद म्हणून वाटला. प्रत्येकाने वाटी कपाळाला लावली, डोळे मिटून गिळली. रजिस्टरात बारा वेळा 'उत्तम'. जमादार गणपतने दुसरी वाटी नाकारली. "प्रसाद थोडाच घ्यावा, तात्या." केवढी श्रद्धा!
एकटी सुभद्राबाई वेगळी. गेल्या वर्षी तिच्या घराने बुद्धधम्म स्वीकारला. ती वाटी कपाळाला लावत नाही. सरळ प्यायली. "कडू जहर हाय, बाबा. ह्ये कोन इकत घील?"
नोंद केली : जिभेस संस्कार नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
शेठनी विचारले, स्वतः चाखलीत ना? म्हणालो, देवाने स्वीकारली आहे. शेठ गप्प बसले. ही संमतीच. मी चार हजार पुड्यांची आज्ञा दिली.

३० नोव्हेंबर, शनिवार
निम्मे पॅकर संयुक्त महाराष्ट्रवाल्यांच्या प्रतापगडच्या मोर्चाला गेले. कांडपातल्या बायकांनीच पुड्या भरल्या. भरता भरता सुभद्राबाई म्हणाली, "अजून येळ हाय. मेथी कमी करा. माझ्या दोन पोरी हायेत, बाबा."
म्हणालो, बाई, शब्द माझा आहे.
दुपारभर खिन्न वाटले. कारण कळले नाही. ऑफिसात नामस्मरण केले. जपाचा आकडा दोनदा चुकला.

१२ डिसेंबर, गुरुवार
परळ, चिंचपोकळी येथून पुड्या परत. एक खानावळवाला म्हणे, काढा आहे तर औषधाच्या दुकानात ठेवा. कारणे स्पष्ट आहेत : मोर्चे, थंडी, पुडीचा निळा कागद. पुढील बॅच पिवळ्या कागदात.
जेवण गेले नाही. सौ.ने दोनदा विचारले, काय झाले. काही नाही म्हणालो.

२३ डिसेंबर, सोमवार
आठही बायकांना शेठनी नारळ दिला. मला म्हणाले, "तात्या, तुम्ही आता लेबलांचे शुद्धलेखन पाहा."
जाताना सुभद्राबाई काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

२४ डिसेंबर, मंगळवार
परत आलेली एक पुडी घरी आणली. गिरगावातील आमच्या स्वयंपाकघरात कारखान्याचा जिन्नस प्रथमच शिजला. सौ.ने नैवेद्याची वाटी पुढे केली, नको म्हणालो. एक घोट घेतला. दुसरा घेववेना.
तसाच उठून काळाचौकीला सुभद्राबाईच्या चाळीत गेलो. खोलीला कुलूप. शेजारचे कुशाबा म्हणाले, ती काम शोधाया भायखळ्याला गेलीया. काय निरोप हाय?
म्हणालो, आमटी कडू होती, एवढेच सांगा.
कुशाबा म्हणाले,
"त्ये तिला ठावं हाय की, बाबा."