एकशे सतरा शांत आहे, या अंदाजाविषयी

प्रति,
मा. सहसंचालक (पैदास),
मुख्य कार्यालय

विषय: वळू क्र. ११७ ची वेसण सोमवारी अर्जदाराच्या हाती न देण्याबाबत.
संदर्भ: अर्जदाराचा मंगळवारचा अर्ज व त्यावरील आपले उत्तर, "भीती निराधार".

महोदय,

मागील अर्ज "भाषा वैयक्तिक आहे" असा शेरा मारून परत आला. म्हणून या अर्जात 'मी' टाळून 'अर्जदार' असे लिहिले आहे. अर्जदार ही वळू केंद्रातील जनुकीय मूल्यांकन सहायक असून, वासरांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून कोणता वळू पैदाशीला ठेवावा याचे अंदाज काढणे हे तिचे काम आहे. तिची जागा संगणकापुढे आहे, हे आधीच नमूद केलेले बरे.

१. वळू क्र. ११७ यंदाच्या यादीत पहिला आहे. त्याच्या मुलींना दूध भरपूर असेल, कास चांगली असेल, असा अंदाज आहे. मुली अजून वासरेच असल्याने खरेखोटे कळायला अवकाश आहे, पण त्या अंदाजाबद्दल तक्रार नाही. तक्रार शेवटच्या रकान्याची आहे. तिथे 'स्वभाव: शांत' असे छापले आहे, आणि त्याची विश्वासार्हता बाकी सगळ्या रकान्यांपेक्षा जास्त दाखवली आहे.

२. हा आकडा येतो कसा, हे सांगणे भाग आहे. वळूच्या स्वभावाला एक ते पाच गुण त्याला हाताळणाऱ्याने द्यायचे, एक म्हणजे अगदी शांत, असा नियम केंद्र सुरू झाल्यापासून आहे. हाताळणारेही तेव्हापासून एकच होते. त्यांना सगळे मामा म्हणतात. कोणत्याही वळूबद्दल विचारा, मामांचे उत्तर ठरलेले: "गरीब गाय आहे हो!" ११७ चा बाप, आजा, सावत्र भाऊ, सगळ्यांना एक गुण, फार तर दोन. जितक्या नातेवाइकांची नोंद, तितकी अंदाजाची खात्री वाढते, हे खरे. पण सगळ्यांना एकाच हाताने धरले असेल, तर आकडा वळूंच्या स्वभावाचा की त्या हाताचा, हे गणिताला वेगळे काढता येत नाही. आजीच्या हातून सगळी नातवंडे मुकाट्याने जेवतात, म्हणून ती कोणाच्याही हातून जेवतील असे नाही. थोडक्यात, संगणकाने मामांचा अंदाज अचूक काढला आहे, आणि मामा गेल्या महिन्यात निवृत्त झाले.

३. त्यांच्या जागी भांडारातून बदलून आलेले दादा गेल्या सोमवारी ११७ ला वीर्य संकलनासाठी बाहेर काढायला गेले. अर्जदार प्रयोगशाळेच्या काचेआड उभी होती. वळूने आवाज केला नाही. तो नुसता तिरका झाला, पाठ कमानीसारखी उचलली, मान खाली घेतली आणि तसाच थांबला. पाहणाऱ्याला वाटावे, किती शांत. मग त्याने दादांना कुंपणाच्या लोखंडी नळ्यांवर दाबले. दादा माणसांसाठी ठेवलेल्या अरुंद दारातून कसेबसे बाहेर पडले. त्यांच्यामागे त्या दारावर दोन धडका बसल्या. त्यांच्या दोन फासळ्या मोडल्या आहेत. अर्जदार दवाखान्यात गेली, तेव्हा दादांच्या बायकोने तिला आत येऊ दिले नाही. "तुमच्या कागदात शांत आहे ना? मग बांधा की तुमच्या दारात!" एवढेच त्या म्हणाल्या.

४. आपल्या उत्तरात म्हटले आहे की, अंदाजानुसार वळू शांत असल्याने दोष हाताळणीचा आहे, मागणी पाहता संकलन थांबवता येणार नाही, आणि "ज्यांनी निवड केली त्यांनीच येत्या सोमवारी वेसण धरल्यास इतरांचा धीर वाढेल." अर्जदाराचे वजन बावन्न किलो आहे. ११७ चे नऊशे सत्तर. हे अंदाज नाहीत, मोजून घेतलेले आकडे आहेत.

५. काल अर्जदार मामांच्या घरी गेली व त्यांची युक्ती विचारली. "युक्ती कसली, पोरी? जवळ जाताना आधी आपला श्वास सोडायचा. तुझा अडकला की त्याचाही अडकतो." अर्जदाराने घरी कपाटासमोर उभे राहून सराव केला. कपाटासमोरही श्वास सुटत नाही. सगळ्यांना एकच गुण का दिलात, असे विचारल्यावर मामा दुखावले. "खोटं नाही सांगितलं मी. माझ्याशी गरीबच होते सगळे. दुसऱ्याशी कसे वागतील, हे मला कोणी विचारलंय का कधी?" सोमवारी यायला ते तयार आहेत. परंतु निवृत्त माणसाला पासाशिवाय आत घेता येत नाही, असे फाटकावरच्या रखवालदाराचे म्हणणे आहे. तोच रखवालदार मामांना अजून उभा राहून नमस्कार करतो.

६. सबब विनंती की, ११७ चे संकलन थांबवावे आणि हाताळणारा बदलून नवे गुण घेतल्याशिवाय त्याचे गोऱ्हे पैदाशीला निवडू नयेत. हे जमत नसेल, तर मामांना सोमवारपुरता पास द्यावा. तेही जमत नसेल, तर निदान त्या अरुंद दाराची कडी बसवावी. सध्या ते दार लोटले तरी उघडेच राहते.

'अर्जदारास भीती वाटते' असे लिहून पाहिले. ते दुसऱ्याच कोणाला तरी वाटत असल्यासारखे दिसले. मला भीती वाटते, साहेब. अंदाज मी काढला आहे, म्हणून त्यात काय मोजलेले नाही हे मला माहीत आहे.

सोमवारपर्यंत तरी,
आपली नम्र,
(सही)
जनुकीय मूल्यांकन सहायक
शुक्रवार

सोबत:
१) दवाखान्याच्या दाखल्याची प्रत.
२) पासासाठी मामांचा फोटो.
३) माणसांच्या दाराची कडी, एक नग, वाकलेली. पाहून झाल्यावर परत मिळावी, दुसरी नाही.