पाकिटावरचं नाव

लिंगन, १८ एप्रिल २००४

प्रिय ताईस,
स. जयभीम.

बाबांची ओपेल गाडी मीच आणली आहे, पोलिसांत जाऊ नका. मोबाईल मानहाइमच्या पुलावरून ऱ्हाइनमध्ये टाकला. घरी फोन करणार नाही. बाबांचा आवाज ऐकला की मी परत भांडेन.

तू त्या दिवशी लॅबमध्ये होतीस, म्हणून तुला अर्धंच माहीत आहे. उल्काच्या घरी झिंडेलफिंगेनला गेलो होतो. तिच्या आईने, शैलाकाकूंनी, कांदेपोहे केले, वडील दत्ताकाका गोड बोलले. मग त्यांनी विचारलं की रामदास हे तर वडिलांचं नाव, आडनाव काय? मी सांगितलं, मेश्राम. त्यावर ते अच्छा म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्यांदा चहा आलाच नाही. पंधरा दिवसांत उल्का प्राक्टिकुमचं, म्हणजे शिकाऊ नोकरीचं, निमित्त करून पार उत्तरेला, नॉर्डनजवळच्या पवनचक्क्यांच्या कंपनीत. मीही कॉलेज सोडलं. त्या वर्गात बसून मला तिच्याशिवाय काही दिसत नव्हतं.

बाबांना मी एवढंच विचारलं की जर्मनीत येताना पासपोर्टवरून आडनाव गाळलंत कशाला, लाज वाटली का? गाडीची किल्ली टेबलावरच होती.

आता हॉलंडच्या सीमेलगत पश्चिमेकडून वर चाललोय. सगळं सपाट आहे गं. झाड नाही, चढ नाही, नुसतं आभाळ. आपला बाप इथे काही लपवू शकला नसता.

पत्र नॉर्डनच्या पोस्टाच्या पत्त्यावर पाठव, ‘पोस्टलागर्न्ड’ लिहून. माणूस येऊन नेईपर्यंत आठवडाभर ठेवतात. आणि पाकिटावर मेश्राम लिही. रामदास लिहिलंस तर मी त्या पत्राला हात लावणार नाही, शपथ.

आईला सांग की मी जेवतो. तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ,
जीवन मेश्राम


लुडविग्सहाफेन, २० एप्रिल

चि. जीवन यास,
स. जयभीम व आशीर्वाद.

महाराज, आपल्या हुकमाप्रमाणे पाकिटावर मेश्राम लिहिलं आहे. आता राग बाजूला ठेव आणि हे नीट वाच.

बाबांच्या छातीत दुखतंय हे मला आणि आईला महिनाभरापासून माहीत होतं. तुझी परीक्षा होती म्हणून सांगितलं नाही. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या गेटपाशी बसून राहिले. आता इस्पितळात आहेत. सोमवारी, सव्वीसला, ऑपरेशन आहे. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले की हृदय फार थकलंय आणि घरच्या सगळ्यांनी आधी भेटून घ्यावं. याचा अर्थ तुला कळतो. मला कळला तेव्हा मी जिन्यात बसले होते.

बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत. नर्सला सांगतात की मुलगा समुद्र बघायला गेलाय. मी तुला लिहिणार म्हटल्यावर नको म्हणाले, त्याला गाडी घाईने चालवायला लावू नका. तरी मी लिहितेय. रविवारी संध्याकाळपर्यंत ये. उल्का चार दिवसांत पळून जाणार नाही.

मी भयंकर घाबरलेय, जीवन. ही धाकट्या भावाला सांगायची गोष्ट नाही, पण दुसरं आहे कोण?

वाट बघते. ये, एवढंच.

तुझी ताई,
प्रिया


लुडविग्सहाफेन, २१ एप्रिल

चि. जीवन यास,
जयभीम, अनेक आशीर्वाद.

पाकिटावर पासपोर्टातलंच नाव घातलं आहे, तेव्हा चिडू नकोस. नाहीतर पोस्टवाले देणार नाहीत. इथे माणूस कागदाबाहेर नसतो.

मी बरा आहे. गाडी तिसऱ्या गिअरला अडते, क्लच हळू सोडत जा. मागच्या सीटखाली घोंगडी आहे. तिकडे वारा फार, अंगावर घे.

तू विचारलंस त्यावर रात्री पडल्या पडल्या विचार केला. नागपूरला मला नोकरीच्या तीन मुलाखतींत आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्नच आला नव्हता. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये एवढंच मनात होतं. लाज नव्हती रे. काहून असं बोललास? पण बोललास ते बरं केलंस.

रविवारी जमलं तर ये. नाही जमलं तरी चालेल. त्या मुलीला त्रास देऊ नकोस.

घरावर लोभ ठेव.

तुझा बाप,
रामदास मेश्राम


नॉर्डन, २३ एप्रिल

प्रिय ताईस,
स. जयभीम.

खिडकीवर पासपोर्ट पुढे केला, तर बाईंनी एकच पत्र दिलं, बाबांचं. तुझं नाही. तूही त्यांच्या बाजूची, गेनाऊ, अगदी बरोबर! चार ओळी लिहायला वेळ मिळाला नाही. आणि बाबांना अजून पासपोर्टाचीच काळजी. पाकिटावर रामदास बघूनच डोकं फिरलं, मधलं सोडून, वरवर चाळून खिशात कोंबलं. क्लच आणि घोंगडी! मला रविवारी ये म्हणतात, आणि नाही जमलं तरी चालेल म्हणतात. नाही जमणार.

उल्का काल भेटली. समुद्राच्या बांधावर दोघं उभे होतो. ओहोटी होती, त्यामुळे समुद्र नव्हताच, चिखलच चिखल. ती म्हणाली की आडनावाचं तिला काही नाही, आई-वडिलांना ती बघून घेईल, पण मी कॉलेज सोडून, बापाची गाडी पळवून तिच्या दारात आलो याची तिला भीती वाटते. म्हणाली की तिने मला बोलावलं नव्हतं. मग कामावर गेली. मी बांधावर चरणाऱ्या मेंढ्यांमध्ये बसून राहिलो.

दत्ताकाकांवर चिडणं सोपं होतं, ताई. आता कोणावर चिडू?

उद्या हॉलंडच्या किनाऱ्याने पश्चिमेला निघतो. पेट्रोल संपेल तिथून वळेन. राग मानू नकोस, आणि मानलास तर लिहून मान.

जीवन मेश्राम


नॉर्डन, ३० एप्रिल

प्रिय ताईस,
जयभीम.

कदाचित या पत्राआधी मीच पोचेन. पण तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून लिहितोय.

परवा घरी आलो तेव्हा दाराबाहेर इतके बूट होते, की मला वाटलं तुझं लग्न जमलं. हातात आईसाठी चीजची पेटी होती. आत बुद्धवंदना चालली होती. फोटो बाबांचा होता.

तू उठून आलीस आणि एवढंच विचारलंस, की पत्र मिळालं होतं ना? मी हो म्हणालो. माझ्या खिशात बाबांचं पत्र होतं, मला तेच वाटलं. तू माझ्याकडे जे बघितलंस ते मला तेव्हा कळलं नाही. मग आईने सांगितलं की तू सगळं लिहिलं होतंस, सोमवारचं, डॉक्टरांचं. मी तुझं दार वाजवलं. तू उघडलं नाहीस. बरोबर केलंस. पत्र मिळूनही जो आला नाही, त्याच्यासाठी मीही उघडलं नसतं.

म्हणून उलटा इथे आलो. त्याच बाईंना विचारलं की मेश्राम नावाने काही आहे का. त्यांनी दुसऱ्या खणातून पाकीट काढलं. तुझं अक्षर मी काचेपलीकडून ओळखलं. मेश्राम, ठळक, खाली रेघ मारून. मी पासपोर्ट दिला. त्यांनी दोन्ही नावं ताडून पाहिली, आणि म्हणाल्या की हे तुमचं नाही. मी ओरडलो, ताई. टेबलावर मूठ आपटली. सांगितलं की हे माझ्या बहिणीने लिहिलंय, माझा बाप गेलाय. त्या बिचाऱ्या घाबरल्या, सॉरी म्हणाल्या, आणि तरी दिलं नाही. मुदत आजच संपत होती. माझ्यासमोर त्यांनी त्यावर शिक्का मारला, पाठवणाऱ्याकडे परत.

गाडीत येऊन बाबांचं पत्र पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. खाली त्यांनी सही कशी केली आहे ते तुला दाखवायचंय. गाडीतली घोंगडी अंगावर घेऊन लिहितोय. तिला त्यांच्या बिडीचा वास आहे.

तुझं पत्र चार दिवसांत तुझ्याच दारात येईल. उघडू नकोस. फक्त बघ की ते बंद आहे. मग मला आत घ्यायचं की नाही ते ठरव. मंगळवारी अंत्यविधीला मी बाहेर उभा राहीन.

आईला जप. माझ्यासाठी काही उरलं असेल तर राहू दे.

तुझा,
जीवन रामदास