चार रात्रींची भिंगरी

ता. २

चि. सूनबाई हिस अनेक आशीर्वाद.

कोर्टाने तुम्हां दोघांना वेगळं केलं, मला कुणी विचारलं नाही. तेव्हा सूनबाईच म्हणणार. लिहून घेतोय खालच्या मजल्यावरचा शिंपी. जास्त बोलले की कापतो.

वि. वि. बेकरीत तुला रात्रपाळी लागली आणि भिंगरी आठवड्याच्या चार रात्री इथे राहू लागली, तेव्हापासून घराला आवाज आला आहे. काल पाढे म्हणता म्हणता झोपली आणि झोपेत मला लाथा घातल्या. बापावर गेलीय. तो मात्र सुधारतोय हो! पूर्वी शनिवार-रविवार लेक आली तरी याचं डोकं मोबाइलात. आता तिच्यासाठी नवी खाट आणली, दुसरा गणवेश आणला, खाटेचे फोटोसुद्धा काढले. उशिरा का होईना, पाझर फुटला म्हणायचा. तू पोरीची काळजी करू नकोस, भट्टीपाशी हात सांभाळ.

तुझी, कागदावर न उरलेली,
सासू

ता. ११

ती. आईंस शि. सा. न.

वि. वि. पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. त्या खाटेचे फोटो वकिलाकडे गेलेत. तुमच्या लेकाने अर्ज केलाय, की मुलगी आता निम्म्याहून जास्त माझ्याकडे असते, तेव्हा तिची पोटगी निम्मी करा.

आई, ती तुमच्याकडे झोपली म्हणून माझ्या खोलीचं भाडं कमी होत नाही. फी, बूट, चष्मा, सगळं मीच बघते. पोटगी निम्मी झाली तर खोली सोडावी लागेल, आणि खोली गेली की कोर्ट पोर कुणाला देईल, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून सोमवारपासून तिला पाठवलं नाही. मुकादमाकडे दिवसपाळी मागितली, तर म्हणाला, जमत नसेल तर घरी बस. भिंगरीला पिठाच्या पोत्यांवर झोपवते आहे. पहाटे खोकते.

तुमच्यावर राग नाही. पण तुमची माया मला महागात पडते आहे.

तब्येतीस जपा.
तुमची सून

ता. १५

चि. सूनबाई हिस आशीर्वाद.

वि. वि. लेकाला समोर बसवलं. म्हणाला, पोर इथे राहते, तिचा खर्च मी करतो, मग दोन्हीकडे का भरू? दुकान चालत नाही, हप्ते थकलेत. तेही खोटं नाही गं. पण मी विचारलं, तिला जेवू कोण घालतं, निजवतं कोण? तू दुकान बंद करून येतोस तेव्हा तिची अर्धी झोप झालेली असते. तर म्हणतो, आई, तू म्हणजे मीच ना! केस पिकले माझे, पण मी म्हणजे कोण, हे मला आता कळलं.

तर ऐक. मी म्हणजे मीच. तुझ्या पाळीच्या चारही रात्री मी तुझ्या खोलीवर येऊन झोपणार. पोर आपल्या घरात, आपल्या अंथरुणात. वकिलाला मोजायच्या तेवढ्या रात्री मोजू देत.

हे सांगितल्यापासून लेक माझ्याशी बोलत नाही. तोही माझ्याच पोटचा. त्याचं ताट झाकून ठेवून येईन, पण येईन.

सोमवारी तू कामाला निघायच्या आत पोचते. मी घोरते, भिंगरीला आधीच सांगून ठेव.

राग नाही, असं लिहिलंस. लोभ आहे का, ते मात्र लिहिलं नाहीस. दार उघडलंस की समजेन.

तुझी सासू