थंड पाण्याचा टप आणि किरमिजी लुगडं

प्रिय वहिनी,

साष्टांग नमस्कार. तुम्ही गेलात त्याला या कार्तिकात वर्ष होईल, आणि मी आज कागद घेऊन बसलो आहे. पत्त्याच्या जागी काय लिहू? पाकीट देवापुढे ठेवीन. पोचवायचं त्याने बघावं.

पत्रास कारण काल सीताबर्डीच्या बाजारात घडलं. माझा हातमाग आता बंद आहे, म्हणून दसऱ्यासाठी सुमित्रेला साडी घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने पाच-सहा साड्या उलगडल्या. तिने फिकट तेवढ्या बाजूला सारल्या आणि म्हणाली, "गडद दाखवा. डाग दिसत नाही."

वहिनी, हेच शब्द! अगदी हेच. माझा हात उलगडलेल्या साडीच्या पदरावर तसाच राहिला.

ते सांगतोच. पण आधी तुमच्या पाण्याचं बोलू द्या. तुमच्या हयातीत त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. दिराने वहिनीशी असल्या गोष्टी बोलू नयेत, असं मला वाटायचं.

तुम्ही वर्ध्याकडून दादाच्या घरी आलात. लग्नाआधी स्वतःच्या दुखण्यापायी तिकडच्या एका आश्रमात तीन महिने राहिला होतात, आणि तिथून एक विद्या शिकून आला होतात. बाईला कमरेपर्यंत थंड पाण्यात बसवायचं. पाय बाहेर पाटावर, खांद्यावर कोरडी चादर, ओल्या फडक्याने पोट हळूहळू चोळायचं. दहा मिनिटं, जास्त नाही. तुम्ही त्याला कटिस्नान म्हणायचात. आपल्या विणकरांच्या गल्लीतल्या बायकांनी त्याचं "काठीस्नान" करून टाकलं. "काहून वं, पाण्यात बसवून काठीनं मारतेस का?" असं विचारून त्या हसायच्या, आणि मग एकेक करून मागच्या दाराने यायच्या.

सुमित्रा मात्र हसायची नाही. आमचं पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. त्यानंतर दर महिन्याला ती हातमागाच्या मागे भिंतीशी अंग मुडपून पडायची, आणि मी धोटा आणखी जोरात चालवायचो, म्हणजे तिचं कण्हणं ऐकू येऊ नये! गावाकडच्या मारुतीला नवस बोललो. देवाला सगळं सांगितलं. तिला मात्र कधी विचारलं नाही, काय दुखतं, कुठे दुखतं. आपल्या घरात त्या दुखण्याला नावच नव्हतं. "तिचं बरं नाही," एवढंच.

तुम्ही विचारलंत. आधी तिला सायकलरिक्षात घालून रामदासपेठेत डॉक्टरीणबाईंकडे नेलंत. त्यांनी तपासलं, औषध दिलं, पाण्यात बसायला हरकत नाही म्हणाल्या. मग तुम्ही मला हुकूम सोडलात, "भाऊजी, ती मावन असं पसरट भांडं आणा. अन् माठ भरून ठेवा, एक नाही, सहा."

तीसेक वर्षांपूर्वीचा वैशाख होता. नळ गल्लीत यायचा होता. संध्याकाळी मी विहिरीचं पाणी ओढून लिंबाखालचे सहा माठ भरायचो आणि वर ओलं गोणपाट टाकायचो. सकाळी ते पाणी असं होई की बोट घातलं तर खांद्यापर्यंत कळ जावी!

शेजारच्या गंगूमावशी कुंपणावरून ओरडल्या होत्या, आठवतं? "अवं, लेकरू गेलेल्या पोरीले थंड्या पाण्यात बसवतं? वारा भरन तिच्या अंगात!"

तुम्ही माठातलं पाणी ओतता ओतता म्हणालात, "मावशी, तुम्ही तं जलमभर ऊन पाण्यानं न्हाल्या. मंग तुमच्या गुडघ्यात वारा कुठून भरला?"

मावशी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी गुडघा घेऊन आल्या.

आणि त्या टपाची गोष्ट! ती चूक माझी होती. पसरट भांडं म्हटल्यावर मला आपल्या शेडमधला सूत रंगवायचा जुना पत्र्याचा टप दिसला. विणकराच्या डोळ्याला दुसरं काय दिसणार? राखेने घासून घासून मी तो लख्ख केला. पण तळाच्या दुमडीत वर्षानुवर्षांची नीळ बसली होती, ती काही मला दिसली नाही.

तुम्ही लुगड्याचा आडोसा केलात आणि मला म्हणालात, "आता समोरच्या ओट्यावर जाऊन बसा. मागं वळून पाहू नका." मी ओट्यावर बसून नामस्मरण करत होतो. दहा मिनिटं झाली. तेवढ्यात आतून सुमित्रेची किंकाळी आली, "वहिनी, इष चढलं मले! पाय पाहा, कंबर पाहा, सारं निळं झालं!"

मी उभाच राहिलो. आत जावं तर तुमचा हुकूम. मग तुमचा आवाज आला, "अवं बाई! तू तं कमरेखाली किसनदेव झाली!"

आणि मग वहिनी, ती हसली. आधी हुंदक्यासारखं, मग खळखळून. लेकरू गेल्यापासून त्या घरात मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. मी ओट्यावर हात जोडून उभा होतो, आणि ते कोणाला जोडले हे मला आजही सांगता येत नाही.

दुखणं काही पळून गेलं नाही. पण त्या दिवसांत ती उठून बसू लागली, भाकरी थापू लागली. "आता सोसते," म्हणायची. कधी औषधाचं नाव घ्यायची, कधी पाण्याचं. पुढे आम्हाला मुलगी झाली, मुलगा झाला, तरी तुम्हाला मी कधी फुशारकी मारताना ऐकलं नाही. "पाणी देव नाही, भाऊजी. पाणी पाणी आहे. ते पोराले जलम देत नाही अन् गाठ इरघळवत नाही."

तरी मी रोज सकाळी महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्र टांगतो तेव्हा तुमची आठवण येते. देव तापलेला म्हणून त्याच्यावर थेंब थेंब गार पाणी सोडायचं, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. घरातली बाई तापली आहे, हे कोणाला सुचलं होतं? तुम्हाला सुचलं! सातवी शिकलेल्या, कधी व्यासपीठ न पाहिलेल्या बाईला!

तुमचे नियम मला ओट्यावर बसून पाठ झाले होते. पोटुशी असेल तर नाही. ताप असेल तर नाही. जेवल्यावर नाही. आणि शेवटचा नियम तुम्ही आवाज चढवून सांगायचात, "रगत थांबत नसन, नाहीतर बंद झालेलं पुन्हा सुरू झालं असन, तं आधी डॉक्टरीण, मंग माझा टप. दुखणं अंगावर काढायचं नाही वं!"

अंगावर काढायचं नाही. किती बायकांना तुम्ही हे सांगितलंत, वहिनी! मग स्वतः काय केलंत?

तुम्ही रोज पहाटे सगळ्यांच्या आधी पाण्यात बसायचात. तीन वर्षांमागे एक दिवस म्हणालात, "आता माझ्यासाठी माठ भरू नका." मी भरला नाही. काहून, म्हणून विचारलं नाही. त्याच वर्षी तुम्ही माझ्या मागाशी येऊन उभ्या राहिलात. जन्मभर फिकट लुगडी नेसणारी बाई म्हणाली, "भाऊजी, यंदा मले किरमिजी काढा. गडद. डाग दिसत नाही."

मला वाटलं, हळदीचे, तेलाचे डाग. मी आनंदाने विणलं. काठाला बारीक नक्षी घातली. वहिनी, तुमचं दुखणं झाकायचं कापड मी माझ्या हाताने विणलं! प्रत्येक धागा माझ्या बोटांतून गेला, आणि माझ्या बोटांना काही कळलं नाही.

शेवटी तुम्हाला इस्पितळात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षं आधी यायला हवं होतं. मी तुमच्या खाटेशी बसून पहिल्यांदा विचारलं, "सांगितलं काहून नाही?" तुम्ही हसलात. "कोणाले सांगू, भाऊजी? सांगणारी तं मीच होती."

या वाक्यावर मी रागावलो आहे. वर्ष होत आलं, अजून रागावलो आहे. सगळ्या गल्लीला विचारणारी बाई होती. त्या बाईला विचारणारं कोणीच नव्हतं का? होतं. दादा तर माझ्याहून अबोल; पण पाणी भरणारा मी होतो.

म्हणून काल मी दुकानातून सुमित्रेला बाहेर आणलं. रस्त्यावरच विचारलं, "तुले काय होऊन राहिलं?"

ती चपापली. "कशाचं काय?"

"बंद झालेलं पुन्हा सुरू झालं का?"

तिने इकडे तिकडे पाहिलं. "इथं रस्त्यात इचारता?"

"मंग कुठं इचारू?"

"घरी कधी इचारलं?" ती म्हणाली.

लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जात होते. तिने पदर तोंडाशी धरला आणि खालच्या आवाजात सांगितलं. चार वर्षं बंद होतं. श्रावणापासून पुन्हा सुरू झालंय. थोडंथोडं. "होईन बंद आपोआप म्हटलं." आणि मग एकदम म्हणाली, "वहिनी असत्या तं त्यांनी तव्हाच वरडून नेलं असतं."

उद्या सकाळी रामदासपेठेत जातो आहोत. मी दाराशी थांबणार नाही, आत जाईन. काय निघेल ते मला माहीत नाही. भीती वाटते, वहिनी. श्रावणापासून म्हणजे दोन महिने. दोन वर्षं नाहीत. या फरकाला धरून मी बसलो आहे.

टप अजून आहे. दुमडीत नीळही आहे. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या तरच माठ भरीन, तुमचा नियम मोडणार नाही. आणि वचन देतो, या घरातल्या कोणत्याही बाईला, बायकोला, लेकीला, उद्या येणाऱ्या सुनेला, दुखणं अंगावर काढू देणार नाही. लाज वाटली तरी विचारीन. रस्त्यात विचारावं लागलं तरी विचारीन.

काल आम्ही पुन्हा दुकानात गेलो. दुकानदाराने गडद साड्यांची चळत पुढे ओढली. मी ती मागे सारली आणि मोतिया रंगाची एक साडी घेतली. सुमित्रा म्हणाली, "हिच्यावर तं लगेच दिसन."

"दिसू दे," मी म्हणालो.

तुमचा पाणी भरणारा दीर,
नारायण