कॉफीच्या टेबलावरची भुतं

कॅरी, २९ ऑक्टोबर २००१

ती. आईस,
अनीशचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. परवा इथे हॅलोविन, म्हणजे भुतांचा सण. ऑफिसातलं कॉफीचं टेबल सजवायला मला सांगितलंय. सध्या मला तेवढंच काम आहे. नाही कसं म्हणणार?

नोकरी गेलेल्यांचे कॉफीचे नऊ मग तिथेच पडून होते. मला रोज गाडीतून नेणाऱ्या सिद्धेशचाही होता. सगळे पालथे घातले, वर पांढरे नॅपकिन टाकून दोरा बांधला, स्केचपेनने डोळे काढले. झाली भुतं! सगळे हसले, म्हणून मीही हसलो.

तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या सुनेला सांग, तिकीट इतक्यात काढू नकोस, इथे थंडी पडायला लागलीय.

काळजी करू नकोस. माझा मग मी रोज धुऊन घरी घेऊन येतो.

तुझा,
अनीश