मंदीच्या बातमीतली बाई

दिग्रस,
दि. २ डिसेंबर २०२४

चि. अश्वजित यास,
कौसल्याआत्याचा जयभीम अन् आशीर्वाद. वि. वि.

फोन न करता पत्र लिहून राह्यली, यावरूनच समजून घे की मी किती तापली आहे. फोनवर तू हो आत्या, हो आत्या करतो अन् मधातच तुले दुसरा फोन येते. माझं बोलणं तुमच्या लोकायनं एकदा कापलं, तेवढं पुरे. हे सबन वाच.

त्या दिवशी तू कॅमेरा घेऊन आपल्या मंडप-बिछायत केंद्रात आला. मी सतरंज्या झटकून उन्हात टाकत होती. भाच्याचं काम आहे म्हणून हातातलं सोडून तुझ्यासमोर बसली. मंदीचं कसं काय, असं तू विचारलं. मी खरं ते सांगतलं. जिनिंग एकाच पाळीत चालते, कापसाले भाव नाही, मंडपाच्या तारखा निम्म्यावर आल्या. हे मी बोलली, नाही म्हणत नाही. पण त्याच्यापुढं काय बोलली? यंदा लोक शहाणे झाले, हजाराची पंगत शंभरावर आणली, असं बोलली. माझा धंदा बसला तरी मले त्याचं वाईट वाटत नाही, कारण ज्या घरापुढं मी मंडप टाकते त्याच घरापुढं वर्षभरानं फायनान्सवाल्याची गाडी उभी दिसते. साध्या लग्नानं कोणाची पोरगी कमी नांदत नाही, माझ्या रुपालीचंही मी विहारातच करून राह्यली, हेही सांगतलं. अन् हसून सांगतलं.

तुमच्या चॅनलवर काय दिसलं? 'मंडप सुने, चुली थंड. दिग्रसच्या विधवेचा आक्रोश.' सतरंजीची धूळ डोळ्यात गेली म्हणून मी पदर लावला, तेवढंच हळूहळू करून तीनदा दाखवलं अन् मागून रडकं वाजवलं. कोणाची चूल थंड आहे? तू माझ्याच घरी वांग्याची भाजी अन् भाकरी खाऊन गेलता. अन् विधवा हे कायले पाहिजे होतं? तुझे मामाजी, म्हणजे माझे मालक, गेल्यापासून मंडपाचे बांबू मी उभे करून राह्यली, ते तुमच्या कॅमेऱ्याले दिसलं नाही.

परवा महागावचे एक गृहस्थ आले अन् मार्चच्या लग्नाचा इसार परत घेऊन गेले. त्याइले वाटलं मी सामान विकून बसली. बचत गटातल्या बाया आडून विचारतात, यंदा हप्ता जमन ना. गल्लीतल्या एकीनं गव्हाचं पीठ आणून दिलं. तिची माणुसकी आहे म्हणून मी ते ठेवून घेतलं, पण त्याची पोळी माझ्या घशाखाली उतरली नाही.

उत्तर दे. कागदावरच दे.

माया आहे, पण सध्या रागाखाली दबली आहे.
तुझी,
कौसल्याआत्या


नागपूर,
दि. ७ डिसेंबर २०२४

ती. कौसल्याआत्यास,
अश्वजितचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. घरमालकांनी पाकीट हातात देताना विचारलं, कोर्टाची नोटीस आली का. वाचल्यावर वाटलं, नोटीस परवडली असती.

आत्या, मी ऑफिसात पूर्ण चित्रण दिलं होतं. तो मथळा माझा नाही. तू हसत होतीस तो भाग कुठे गेला, असं मी संपादकांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, मंदीच्या बातमीत हसणारी बाई ठेवली तर लोक विचारतील मंदी कुठे आहे. हसणारं माणूस लोक बोटानं पुढे सरकवतात, रडणारं शेवटपर्यंत पाहतात. आणि पाहिलंही, आत्या. या महिन्यात आमची सगळ्यात जास्त चाललेली बातमी तुझीच आहे. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली गेली. मी काही बोललो नाही.

बोललो काहून नाही, असं तू विचारशीलच. इथे दिवाळीनंतर दोघांना घरी बसवलं. माझ्या गाडीचे आणि लॅपटॉपचे हप्ते चालू आहेत. तू लोकांना ज्या कर्जापासून सावध करत असतेस त्यातच मी गळ्यापर्यंत आहे.

पण एवढं मनावर घेऊ नकोस. लोक विसरतात. आठ दिवसांत कुठेतरी बिबट्या निघेल आणि सगळे तिकडे पाहतील. तब्येतीला जप. रुपालीला सांग की लग्नाचे फोटो मीच काढणार, फुकट.

माया तेवढी रागाखालून वर काढून ठेव.
तुझा,
अश्वजित


दिग्रस,
दि. १३ डिसेंबर २०२४

चि. अश्वजित यास आशीर्वाद. वि. वि.

लोक विसरतात म्हणतो तू. आर्णीवाले विसरले नाहीत.

आपल्या रुपालीच्या होणाऱ्या नवऱ्याचे, अतुलचे वडील नागोराव, त्याइचे थोरले भाऊ अन् अतुलची आई बेबीताई, असे तिघं काल घरी आले. नागोराव एसटीतून रिटायर झालेले, तुले माहीत आहे, मोजकं बोलणारा माणूस. चहा झाल्यावर म्हणे, बाई, ती बातमी आमच्या सगळ्या नात्यात फिरली. आता विहारात साधं लग्न लावलं तर लोक म्हणतीन, नागोरावनं उपाशी घरात सोयरीक केली. म्हणून लग्न लॉनवर करा, हजार माणूस जेवलं पाहिजे, वरात डीजेवर आली पाहिजे. खर्च तुमच्याच नावानं दिसला पाहिजे. जवळ नसन तर आर्णीत ओळखीचा फायनान्सवाला आहे, आम्ही बोलून ठेवतो, तुम्ही फक्त सही करा. वरून म्हणतात की हुंडा मात्र आम्हाले एक रुपया नको.

अश्वजित, सोयरीक जुळली तेव्हा हेच लोक माझ्या ओट्यावर बसून म्हणत होते की साधंच बरं. मी गरीब आहे समजून त्याइनं दया केली असती तर राग गिळला असता. पण हे म्हणतात, गरीब दिसते म्हणून कर्ज काढ. खोटी बातमी खोडाले खरं कर्ज. हा कुठला न्याय आहे? अन् हे माझ्यासारखीले सांगतात, जिनं या गावात दहा घरी उंबरठ्यावर उभं राहून सांगतलं की बापा, एवढा मंडप घेऊ नको, तुले झेपणार नाही.

बेबीताई पूर्ण वेळ खाली पाहून बसली होती. अतुल आलाच नाही. मी म्हटलं विचार करून सांगते.

तुमच्या मीटिंगमध्ये हेही सांग. अजून एकदा पाठ थोपटतीन.

कौसल्याआत्या


दिग्रस,
दि. १७ डिसेंबर २०२४

प्रिय अश्वजितदादास,
रुपालीचा जयभीम.

आई तुला जे लिहिणार नाही ते मी लिहिते आहे. काल ती मंडपाचं कापड पाहायला जाते म्हणून निघाली. दुपारी मेडिकलमध्ये मी कामावर असताना अतुलचा फोन आला की तुझी आई आर्णीत फायनान्सच्या ऑफिसात बसली आहे. दादा, माझ्या हातून औषधाची बाटली खाली पडली.

घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, पुढच्या सोमवारी सही करणार, मंडपाचं सगळं सामान तारण ठेवणार. मी म्हटलं, तू तर साऱ्या गावाला नको सांगतेस. त्यावर तिनं मला जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहिते. म्हणे, पोरगी, मी बोलली ते कोणाले ऐकू आलं? लोकायनं पाह्यलं ते रडणं. आता तुझं लग्न मोडलं तर लोक म्हणतीन पाहा, खरंच होतं. बोलून पाह्यलं, आता खर्च करून पाहू.

तिला हरलेली मी कधी पाहिली नव्हती. बाबा गेले तेव्हासुद्धा नाही.

अतुलला मी स्पष्ट विचारलं की तुला काय पाहिजे. म्हणतो, मला साधंच पाहिजे, पण बाबांसमोर माझं चालत नाही. मी म्हटलं, तुझं लग्न, तिथं तुझं चालत नसेल तर संसारात काय चालणार आहे. आईनं सही केली तर मी हे लग्न करणार नाही, हे मी त्याला सांगून टाकलं आहे.

तू काढलेलं आईचं पूर्ण बोलणं तुझ्याकडे असेल तर पाठव. सोमवारच्या आत. माफी नंतर माग.

तुझी बहीण,
रुपाली


नागपूर,
दि. २० डिसेंबर २०२४

चि. रुपालीस,
अनेक आशीर्वाद.

आत्याचं पूर्ण बोलणं काल तुझ्या आणि अतुलच्या मोबाइलवर पाठवलं, ते मिळाल्याचं तुझं उत्तर आलं. बाकीचं फोनवर सांगवलं नाही.

आधी मी संपादकांकडे रीतसर मागितलं. ते म्हणाले, चित्रण ऑफिसचं आहे, बाहेर जाणार नाही. मी चिडून बोलून गेलो की त्या बातमीमुळे माझ्या बहिणीचं लग्न अडलं आहे. झालं, त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, मग हाच दुसरा भाग, 'मंदीनं मोडलं लेकीचं लग्न', उद्याच दिग्रसला जा, आई-मुलीला सोबत बसव. रुपाली, ते हे वाईट मनानं म्हणाले नाहीत, हेच मला सहन झालं नाही. त्यांना खरोखर चांगली बातमी सापडल्याचा आनंद झाला होता.

माझ्या लॅपटॉपमध्ये प्रत होती. ती तुम्हाला पाठवली आणि माझ्या स्वतःच्या पानावरही टाकली, एक शब्द न कापता. संध्याकाळी मला बोलावून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आत्याला हे कळवू नकोस.

पहिली बातमी चार लाख लोकांनी पाहिली होती. ही आतापर्यंत तीनशे लोकांनी, त्यातला मीच पाच-सहा वेळा. पण आत्या त्यात किती छान बोलली आहे. मी समोर बसून ऐकत होतो आणि तेव्हा मला ते नीट ऐकू आलं नव्हतं.

आत्याला सही करू देऊ नकोस.

तुझा,
अश्वजितदादा


दिग्रस,
दि. ४ जानेवारी २०२५

चि. अश्वजित यास,
आत्याचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझी नोकरी गेली हे रुपालीनं तुझं पत्र आलं त्याच दिवशी सांगतलं. माझ्यापासून लपवाले निघाले दोघं.

आता इकडचं ऐक. सोमवारी मी आर्णीले निघालीच होती. रुपाली दारात उभी राह्यली, मी तिले बाजूले केलं अन् चप्पल घातली. तेवढ्यात बेबीताई फाटकातून आत आली. एकटी, पहिल्या बसनं. तिनं अन् अतुलनं स्वयंपाकघरात बसून माझं बोलणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं होतं. पाणीही न पिता तिनं मले सांगतलं की तिच्या मोठ्या पोरीचं लग्न असंच लॉनवर झालं होतं. त्याचं कर्ज अजून फिटलं नाही. नागोरावचे रिटायरमेंटचे पैसे त्यातच गेले अन् नात्यात कोणाले माहीत नाही. म्हणे, कौसल्याताई, घरापुढं गाडी उभी राह्यते म्हणून तुम्ही बोलल्या ना, ती आमच्याच घरापुढं राह्यते. माझ्यात एकटीनं बोलाची हिंमत नाही. तुम्ही चला, मी तुमच्या बाजूनं बसते.

मले काय वाटलं सांगू? आधी संतापच आला. ज्या माणसाचं स्वतःचं अंग भाजलं, तो दुसरीले विस्तवावर बसवते, अन् कशासाठी, तर चार लोक काय म्हणतीन म्हणून. पण तिनं अजून पाणीही घेतलं नव्हतं. मी तिच्यासाठी चहा ठेवला. मग आम्ही तिघी आर्णीले गेलो.

तिथं मी एवढंच बोलली की कर्ज काढून मी मांडव टाकणार नाही, पटत असन तर सोयरीक ठेवा. त्यांच्या घरचं मी काही काढलं नाही. थोरले भाऊ तावातावानं उठले, म्हणे असं असन तर विषयच संपला. तेव्हा बेबीताई बोलली. म्हणे, एक पोरगी हप्त्यावर पाठवली, आता सून हप्त्यावर आणाची नाही. थोरल्या भावाले हे पहिल्यांदाच कळलं, तो खाली बसला. रुपालीनं अतुलकडं पाह्यलं, अन् मग पोट्टा उठला. वडिलाइले म्हणे, लग्न विहारातच होईन, अन् तुमच्या राहिलेल्या हप्त्यात मी हातभार लावीन. बोलला एकदाचा. नागोराव उठून अंगणात गेले. आत आले तेव्हा त्याइनं विचारलं, विहारात किती वाजता पोहचाचं.

नऊ फेब्रुवारी ठरली. दोन्हीकडचे मिळून शंभर लोक. रुपाली अतुलशी अजून पूर्ण मोकळी बोलत नाही. मी म्हटलं, नको बोलू, कळू दे त्याले.

पण माझा राग संपला असं समजू नको. महागाववाले परत आले नाहीत. ज्याइनं पहिली बातमी पाह्यली त्याइच्यासाठी मी आजही रडूनच राह्यली. त्याचा जाब कोणाले विचारू?

काल दुसऱ्याच एका चॅनलचा माणूस माईक घेऊन आला. म्हणे मावशी, जरा जुनी साडी नेसून रिकाम्या गोदामात उभ्या राहा. मी त्याले हाकलणारच होती. पण त्याचं तोंड सुकलेलं दिसलं. बस म्हटलं, अन् विचारलं की बाबू, तुझा पगार होते का वेळेवर. म्हणे, दिवाळीपासून नाही. हा माईकही हप्त्यावर घेतला आहे. मी त्याले वरण-भात वाढला. जेवला, ताट स्वतः घासून ठेवलं, अन् जाताना म्हणे, मावशी, माझं हे कोणाले सांगू नका, घरी माहीत नाही.

चार लाख लोकायले माझं रडणं दाखवता तुम्ही. अन् खरं रडणारे माईक धरून उभे आहेत.

तू लवकर ये. नोकरी गेली म्हणून खोलीत तोंड लपवून बसू नको. माझ्याजवळ बांबू उभे कराले माणूस कमी आहे, जेवण अन् मजुरी देईन. पटलं तर उद्याच्याच बसनं निघ.

आता माया वर आहे, राग खाली. तसंच राहू दे.
तुझी,
कौसल्याआत्या